जन्माच्या आसपास: काही टिपणं

विशेष मुलांच्या आयांशी बोलायला बसलं की काही वाक्यं हमखास कानावर येतात. "लगेच रडलं नाही." "पाणी आधीच गेलं होतं." "आत शी केली होती." "गळ्याला नाळेचे वेढे होते." "पंधरा दिवस पेटीत होतं." मूल एव्हाना आठवी-नववीच्या वयाचं असतं. आईला मात्र त्या दिवसाची वेळ, पाऊस, रिक्षावाल्याचं बोलणं, आत नेताना सासू काय म्हणाली, सगळं तोंडपाठ असतं. मुलाला यातलं काहीच आठवत नाही. पण त्याच्या अंगात तो दिवस आहे, ताठ झालेल्या पोटऱ्यांत, जरा मोठ्या आवाजाला दचकण्यात. घटना एकच. अर्धी आईच्या आठवणीत राहिली, अर्धी मुलाच्या शरीरात. या विषयात काम करू पाहणाऱ्या समुपदेशकाने सगळ्यात आधी या दोघांकडे एकत्र बघायला शिकावं.

*

हा विषय आजचा नाही. जन्माचा आघात हेच माणसाच्या सगळ्या चिंतेचं मूळ, असं ऑटो रँकने १९२४ साली पुस्तक लिहून मांडलं. रँक फ्रॉइडच्या अगदी जवळचा, पण फ्रॉइडने १९२६ मध्ये हे मत खोडून काढलं. मग फ्रँक लेक. हा इंग्रज डॉक्टर वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात काम करून मायदेशी परतला, मनोविकारांकडे वळला आणि शेवटी शेवटी गर्भाच्या पहिल्या तीन महिन्यांत आईच्या दुःखाचा बाळावर काय ठसा उमटतो, यातच गुंतून गेला. प्रागहून अमेरिकेत गेलेल्या स्टानिस्लाव ग्रोफने जन्माचे चार टप्पे कल्पून त्यावर उपचारपद्धती उभी केली. त्याच्याच पुढाकाराने १९८२ साली या वळणाच्या मानसशास्त्राची आंतरराष्ट्रीय परिषद मुंबईत भरली होती. टॉमस व्हर्नीचं न जन्मलेल्या बाळाच्या मनावरचं पुस्तक १९८१ चं आणि या विषयाला वाहिलेली संस्था त्याने १९८३ मध्ये काढली.

या परंपरेतले अभ्यासक्रम आता घरी बसून, मोबाईलवर करता येतात. समुपदेशनाची पदविका घेतलेल्या आमच्या मुली विचारतात, "मॅडम, करू का?" प्रश्न प्रामाणिक आहे आणि उत्तर एका शब्दात देता येत नाही.

*

नवजात बाळाला दुखतं का?

आज हा प्रश्न कुणाही आजीला विचारला तर ती आपल्याकडे बघत राहील. पण १९८० च्या दशकापर्यंत जगातल्या मोठमोठ्या रुग्णालयांत, बाळाची मज्जासंस्था कच्ची असते, त्याला वेदना कळत नाहीत आणि कळल्या तरी लक्षात राहत नाहीत, असं धरून शस्त्रक्रिया होत होत्या. स्नायू सैल पडण्याचं औषध द्यायचे, म्हणजे बाळ हलत नसे. पुरेशी भूल मात्र नसे. इंदूरला डॉक्टर होऊन ऑक्सफर्डला गेलेल्या कंवलजीत आनंद यांना दिसत होतं, की शस्त्रक्रियेला नेलेली अपुऱ्या दिवसांची बाळं परत येतात तेव्हा कोमेजलेली असतात. त्यांनी सहकाऱ्यांबरोबर नीट चाचणी घेतली. हृदयाजवळची एक रक्तवाहिनी बांधण्याची शस्त्रक्रिया व्हायची होती, अशा काही बाळांना नेहमीच्या पद्धतीबरोबर फेंटॅनिल हे जोरकस वेदनाशामक दिलं, काहींना दिलं नाही. ज्यांना ते मिळालं त्यांच्या रक्तातली तणावाची रसायनं कमी वाढली, शस्त्रक्रियेनंतरची गुंतागुंतही कमी झाली. १९८७ साली 'लॅन्सेट'मध्ये हे छापून आलं आणि जगभरची भूल देण्याची पद्धत बदलायला लागली.

समुपदेशकांच्या प्रशिक्षणात पहिला तास याच गोष्टीचा असावा. शरीर नोंद ठेवतं हे इथे नुसतं म्हणून दाखवलेलं नाही, रक्तात मोजून दाखवलं आहे. आणि तो बदल बाळाच्या बिछान्याशी उभ्या राहिलेल्या माणसाने घडवला, वीस वर्षांनी येणाऱ्या उपचारकाने नाही.

टोचताना बाळ आईच्या छातीशी, अंगावर पीत असेल तर त्याला कमी दुखतं. एवढं एक वाक्य प्रत्येक लसीकरणाच्या दिवशी प्रत्येक उपकेंद्रात पाळलं गेलं तरी कितीतरी होईल.

*

बाळाला पोटात ऐकू येतं हेही आता ठाम माहीत आहे. १९८० साली डीकॅस्पर आणि फायफर यांनी दाखवलं की जेमतेम दोन-तीन दिवसांची बाळं आईचा आवाज ऐकायला मिळावा म्हणून चोखण्याची लय बदलतात. २००९ मध्ये फ्रेंच आणि जर्मन नवजात बाळांच्या रडण्याची सुरावट वेगवेगळी निघाली, दोन्हीकडे आपापल्या भाषेच्या वळणाची. मग कोल्हापुरातलं बाळही पोटात असतानाच इथल्या बोलीचा हेल कानात साठवत असणार. घरातली भांडणंही त्याच आवाजात होतात, हे मात्र मी वर्गात हळू आवाजात सांगते, कारण समोर बसलेल्यांत एखादी गरोदर असते.

*

गर्भसंस्काराचे वर्ग आता गल्लोगल्ली आहेत. मंत्र, संगीत, वाचन, चांगले विचार. यातून चार बायका एकत्र येतात, तासभर शांत बसतात, हे फार चांगलं. पण माझ्याकडे येते ती त्याची दुसरी बाजू. "मी सातव्या महिन्यात खूप रडले होते, म्हणून हा असा झाला का?" अभिमन्यूची गोष्ट आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. सुभद्रेला झोप लागली आणि पोराला चक्रव्यूहातून बाहेर यायचं कळलं नाही. सगळा भार तिच्या डुलकीवर. कृष्णाने गोष्ट अर्ध्यावर का थांबवली, हे कुणी विचारत नाही.

जन्माआधीच्या आघाताचं शास्त्र चुकीच्या हातात पडलं की आईला दोष देण्याचं नवं हत्यार होतं. प्रशिक्षणार्थीच्या तोंडी "तुमच्या ताणामुळे" हे शब्द कधीही येता कामा नयेत. ताण तिला कुणी दिला, उपाशी कुणी ठेवलं, लाथ कुणी मारली, हे विचारायला शिकायचं.

*

आता आपल्या जिल्ह्याचं.

२००१ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे ८३९ मुली होत्या. शाहू महाराजांच्या, ताराराणीच्या जिल्ह्यात. पुढे लक्ष्मीकांत देशमुख जिल्हाधिकारी असताना सोनोग्राफी यंत्रांवर 'सायलेंट ऑब्झर्व्हर' बसवण्याचा प्रयोग इथेच झाला आणि त्याची देशभर चर्चा झाली. आकड्यांवर खूप लिहिलं गेलं. त्या आकड्यांच्या आत राहिलेल्या बायकांवर फार कमी.

दुसरी मुलगी झाल्यानंतर तिसऱ्या खेपेला दिवस राहिलेली बाई नऊ महिने कशी काढते? "यावेळी तरी" हे दोन शब्द ती सकाळ-संध्याकाळ ऐकते. बाळ ते ऐकतं का, हा प्रश्न बाजूला ठेवू. ती ऐकते. तिला जेवण जात नाही. पोटातल्या बाळाशी बोलायला ती धजत नाही, कारण कुणाशी बोलतोय हेच ठरलेलं नाही. मुलगी झाली की प्रसूतिगृहाबाहेरची माणसं पांगतात. पेढ्यांचा बॉक्स पिशवीतच राहतो. बाई भिंतीकडे तोंड करून पडते. परिचारिका म्हणते, "अगं, बाळाला घे की." ती घेते, पण बघत नाही.

यातली एक मुलगी मोठी होऊन समुपदेशकासमोर बसते आणि म्हणते, मला सारखं वाटतं की मी कुणाच्या तरी जागेवर आलेय. तिला जन्माची आठवण नाही. पण तिच्या जन्माची गोष्ट घरात शेकडो वेळा सांगितली गेली आहे, तिच्या देखत. जन्माचा आघात म्हणतात तो पुष्कळदा अशा सांगण्यातून रोज नव्याने होत असतो.

शेजारच्या साताऱ्यात तर ही गोष्ट मुलीच्या नावातच असायची, नकुशी. शाळेच्या हजेरीत, रेशनकार्डावर, लग्नपत्रिकेत. २०११ साली सातारा जिल्हा परिषदेने शोध घेऊन २८५ मुलींना समारंभाने नवी नावं दिली. कुणी ऐश्वर्या झाली, कुणी वैशाली. मानसोपचाराच्या कुठल्याही पुस्तकात हा उपचार म्हणून नोंदलेला नसेल. माझ्या मते जन्माच्या जखमेवर महाराष्ट्रात झालेला हा सगळ्यात मोठा सामूहिक उपचार आहे. नाव बदलून घरचं वागणं बदलतं का, हा पुढचा प्रश्न. तो समुपदेशकांनी घरी जाऊन विचारायला हवा होता.

*

पायाळू. पायाकडून जन्मलेलं मूल. डॉक्टरांच्या भाषेत ही जोखमीची प्रसूती. पण गावात उसण भरलेला माणूस पाठ घेऊन पायाळूच्या दारात येतो, "जरा लाथ लाव रे बाबा." त्या मुलाला लहानपणापासून माहीत असतं की आपण उलटे आलो म्हणून आपल्या पायात गुण आहे. उसण जाते की नाही हा मुद्दा नाही. अवघड जन्माला समाजाने मानाची जागा दिली.

त्याच समाजाने मूळ नक्षत्रावरच्या बाळाला मामाच्या, बापाच्या जिवावर उठलेलं ठरवलं. बाप वारला त्या आठवड्यात जन्मलेल्या मुलीला पांढऱ्या पायाची म्हटलं.

प्रशिक्षणाच्या सुरुवातीला मी प्रत्येकीला एक कागद देते. तुमच्या जन्माबद्दल घरात काय सांगतात ते लिहा. आठवतं ते नाही, सांगतात ते. कुणी सांगितलं, कुठल्या प्रसंगी, कुठल्या सुरात. अर्ध्या तासात खोली बदलते. दुसऱ्याच्या जन्माला हात घालण्याआधी आपल्या स्वतःच्या गोष्टीचं वजन हाताला जाणवलेलं बरं.

*

मोठ्या माणसाला जन्म आठवतो का? दीर्घ श्वास घेऊन, गादीवर पडून, घोंगडीत गुरफटून तो पुन्हा जगता येतो का?

माझं मत स्पष्ट आहे. प्रसंग साठवून पुढे सांगता येईल अशी स्मृती ज्या भागांवर अवलंबून असते, ते मेंदूचे भाग जन्मावेळी कच्चे असतात. पहिल्या दोन-तीन वर्षांचंही आपल्याला जवळपास काही आठवत नाही. अशा सत्रांत माणसं रडतात, थरथरतात, मोकळी होतात, हे खरं आहे. रडणं खोटं नसतं. पण त्यावरून ते दृश्य खरं ठरत नाही. उपचारकाने सुचवलं की माणूस पाहतो, हे दुखावलेल्या माणसाच्या बाबतीत फार लवकर घडतं. आणि मग तो घरी जाऊन आईला विचारतो, तू मला पाडायला गेली होतीस का? त्या प्रश्नाचं पुढे काय होतं, हे शिकवणारा कुणी पाहत नाही.

एप्रिल २००० मध्ये अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात दहा वर्षांच्या एका दत्तक मुलीला 'पुनर्जन्म' द्यायचा म्हणून चादरीत गुंडाळलं, वरून उशा दाबल्या, आणि यातून धडपडून बाहेर ये म्हणजे नव्या आईशी तुझं नातं जुळेल असं सांगितलं. श्वास घेता येत नाही, असं ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. ती गुदमरून गेली. दोघी उपचारक बायकांना सोळा-सोळा वर्षांची शिक्षा झाली आणि २००१ मध्ये त्या राज्याने ही पद्धत कायद्याने बंद केली.

त्या दोघी दुष्ट नव्हत्या, असं मी वर्गात सांगते. त्यांची आपल्या पद्धतीवर श्रद्धा होती. समोरचं मूल "नको" म्हणत होतं आणि त्यांनी त्याला उपचाराचा भाग समजलं. थांबायला शिकवत नाही तो अभ्यासक्रम घेऊ नये. "करू का?" विचारणाऱ्या आमच्या मुलींना माझं उत्तर हे आहे.

*

सेल्मा फ्रायबर्ग आणि सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये छापलेलं एक प्रकरण. बाळ रडतंय आणि आईला ते ऐकूच येत नाही, अशी एक तरुण आई. त्यांनी तिला बाळ कसं घ्यायचं हे शिकवलं नाही. तिच्या स्वतःच्या लहानपणचं रडणं कुणी ऐकलं नव्हतं, ते ऐकलं. ते बोलता बोलता ती स्वतः रडली, आणि मग तिने आपणहून बाळाला जवळ घेतलं. या एका प्रकरणातून आई आणि बाळ दोघांना एकत्र बसवून करायच्या उपचाराची अख्खी शाखा वाढली. आपल्याला शिकायचं असेल तर हे शिकावं.

*

"पेटीत ठेवलंय." कोल्हापुरात हे ऐकलं की शेजारपाजारचे आवाज खाली येतात.

पूर्वी पेटी म्हणजे ताटातूट. आई एका मजल्यावर, बाळ दुसऱ्या. काचेतून बघायचं, वेळ संपली की निघायचं. १९७८ मध्ये बोगोटात एडगर रे या डॉक्टरने पेट्या अपुऱ्या म्हणून कमी वजनाची बाळं आयांच्या छातीशी बांधली. त्यालाच कांगारू पद्धत म्हणतात. बाळ स्थिर झाल्यावर ती सुरू करायची, असं पुढची चाळीस वर्षं चाललं. मग भारतासह पाच देशांत जागतिक आरोग्य संघटनेने एक चाचणी घेतली. एक किलो ते एक किलो आठशे ग्रॅम वजनाच्या बाळांना स्थिर होण्याची वाट न पाहता जन्मताच आईच्या अंगाशी ठेवलं, आणि त्यासाठी आईलाच अतिदक्षता कक्षात जागा दिली. २०२१ साली निष्कर्ष आले. पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू २५ टक्क्यांनी कमी. अर्भक कक्षात आईसाठी खाट टाकणं हा जीव वाचवणारा उपचार निघाला.

नळ्या लावलेल्या बाळाला हात कसा लावायचा, हे मी एका परिचारिकेकडून शिकले. हात आधी चोळून गरम करायचे. एक तळहात डोक्यावर टोपीसारखा, दुसऱ्याने दोन्ही पाय दुमडून पोटाशी धरायचे. थोपटायचं नाही, बोटं फिरवायची नाहीत, इतक्या लहान बाळाला ते सोसत नाही. नुसते हात ठेवायचे. बाळ हातपाय फेकायचं थांबतं, श्वास एकसारखा होतो. आईला ते दिसतं. "माझ्या हातानं गप झालं," ती म्हणते. तोवर ती स्वतःला तिथली पाहुणी समजत होती. बापालाही हे जमतं, आणि त्याला कुणी बोलावतच नाही.

हात काढतानाही दोन्ही एकदम काढायचे नाहीत. आधी पायांकडचा, मग डोक्यावरचा.

*

प्रसूतिगृहातली भाषा. मांडीवर बसणारी चापट, कळांनी ओरडणाऱ्या बाईला ऐकवले जाणारे घाणेरडे टोमणे. ते इथे लिहीत नाही, ज्यांनी ऐकलेत त्यांना माहीत आहेत. प्रसूतीनंतर साधारण शंभरातल्या चार बायकांना आघातोत्तर ताणाचा विकार होतो असं जगभरच्या अभ्यासांचं एकत्रित गणित सांगतं. गुंतागुंत झालेल्यांत त्याहून बराच जास्त. दुसऱ्या बाळंतपणाला नकार, टाके घालतानाचा तो क्षण पुन्हा पुन्हा दिसणं, नवऱ्याने हात लावला तरी अंग आखडणं. घरचे म्हणतात, माजलीय.

केंद्र सरकारचा 'लक्ष्य' कार्यक्रम २०१७ चा. त्यात सन्मानाने प्रसूती आणि सोबतीला ओळखीची बाई, हे दोन्ही आहे. 'सेहत' या संस्थेने राज्यातल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांबरोबर डॉक्टरांच्या शिक्षणात स्त्रियांचा विचार आणण्याचं काम केलं आहे. मला त्यात एक भर घालावीशी वाटते. चापट मारणारी परिचारिका एका पाळीत किती बाळंतपणं करते, मेलेलं बाळ आईच्या हातात तिने एकटीने किती वेळा दिलंय, हेही कुणी तिला विचारावं. तिच्या आघातावर प्रशिक्षणात एक पूर्ण दिवस हवा.

याच गावात रखमाबाई केळवकरांच्या लेकीला, कृष्णाबाईंना, शाहू महाराजांनी पाठबळ दिलं आणि त्या डॉक्टर होऊन इथल्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात बायकांवर उपचार करू लागल्या. बाईला बाईने तपासावं, एवढ्यासाठी एका संस्थानाने केलेला तो खर्च होता. बाळंतिणीचा संकोच, भीती ही खर्च करण्याजोगी गोष्ट आहे, हे कोल्हापूरने शंभर वर्षांपूर्वी मानलं होतं.

*

बाळाला न्हाऊ घालायला येणाऱ्या मावशी. पाटावर पाय लांब करून बसतात, नडग्यांवर बाळ पालथं. तेल, कढत पाणी, नंतर धुरी. मग बाळंतिणीचं अंग चोळतात. सव्वा महिना रोज. फ्रेडरिक लेबॉयर हा फ्रेंच प्रसूतितज्ज्ञ कलकत्त्यात शांतला नावाच्या आईला बाळाची मालीश करताना पाहून थक्क झाला आणि १९७६ मध्ये तिच्यावर पुस्तक केलं. मग पाश्चात्त्य देशांत बाळाच्या मालिशीचे प्रमाणपत्र वर्ग निघाले. आपल्या मावशींना कुणी काही शिकवलं नाही आणि त्यांच्याकडून कुणी शिकलंही नाही.

त्यांच्याइतकं जवळून त्या बाईला कुणीच पाहत नाही. अंगावरचे वळ त्यांना दिसतात. टाक्यांतून पू येतोय, दूध आटलंय, बाई तीन दिवस बोललेली नाही, हे डॉक्टरच्या आधी त्यांना कळतं. नाकात फुंकर, कानात तेल, छाती पिळणं, डोळ्यांत जाईल इतका धूर, हे सोडायला सांगावं. बाकी त्यांच्या हातातलं तसंच राहू द्यावं. आणि एक जोडावं. पाठ चोळताना विचारायचं, "बाई, झोप लागतीया का?" बाळ झोपलेलं असतानासुद्धा झोप येत नसेल तर गावच्या आशा कार्यकर्तीला, आशाताईला, कळवायचं. मावशींना प्रशिक्षणाला बोलवायचं तर दुपारी बोलवावं, सकाळ त्यांची कामाची, आणि दिवसाची मजुरी द्यावी.

*

उपचार करायला पदवीच लागते का? गोव्याचं उदाहरण बोलकं आहे. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये तिथल्या आयांचा अभ्यास छापला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के आयांना नैराश्य होतं. कारणांत गरिबी, नवऱ्याशी बिघडलेलं नातं, आणि मुलगी होणं. म्हणजे पुन्हा तेच. पुढे पाकिस्तानात रावळपिंडीजवळ अतिफ रहमान यांनी आरोग्य कार्यकर्त्यांच्या हातून चालवलेला उपक्रम गोव्यात आणला गेला, यावेळी साध्या शेजारणींच्या हातून. त्यांना सखी म्हणत. स्वतः आया झालेल्या, मानसशास्त्राचा गंध नसलेल्या. २८० गरोदर, निराश बायकांवर चाचणी झाली. २०१९ मध्ये निष्कर्ष आले. बाळ सहा महिन्यांचं होईतो सखी मिळालेल्यांपैकी ७३ टक्के नैराश्यातून बाहेर आल्या होत्या, न मिळालेल्यांपैकी ६० टक्के. फरक चमत्काराचा नाही, पण खरा आहे.

नुसत्या शिबिराने हे होत नाही. गोव्यातल्या 'संगाथ' या संस्थेच्या कामातून मी एक उचललंय. सत्राचं ध्वनिमुद्रण, अर्थात परवानगीने, गटात बसून ऐकायचं आणि एकमेकींना गुण द्यायचे. कुठे मध्येच बोलले, कुठे उपदेश केला, कुठे गप्प राहायला हवं होतं. दर आठवड्याला. प्रमाणपत्र पहिल्या महिन्यात देऊ नये.

*

२०१९ चा ऑगस्ट. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट, पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. २०२१ च्या जुलैत पुन्हा. चिखली, आंबेवाडी, शिरोळ तालुक्यातली गावंच्या गावं. नावेतून उतरवलेल्या बायकांत पोटुशा होत्या. ती मुलं आता शाळेत आहेत.

कॅनडात क्वेबेकला १९९८ च्या जानेवारीत बर्फाचं वादळ झालं, लाखो घरं कित्येक दिवस विजेविना राहिली. सुझान किंग यांनी त्या काळात गरोदर असलेल्या बायकांच्या मुलांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला. जिथे आईची हालअपेष्टा जास्त, तिथे मुलांच्या भाषेवर, आकलनावर परिणाम दिसला. मग २०११ मध्ये ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडला महापूर आला. तिथे योगायोगाने काही गरोदर बायकांना सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच ओळखीची सुईण मिळालेली होती, बाकीच्यांना दर वेळी नवी व्यक्ती. पुराचा तडाखा दोघींनाही बसला. पण जिची सुईण ठरलेली होती तिचं मन बाळंतपणानंतर जास्त सावरलेलं होतं, आणि तिचं बाळ सहा महिन्यांच्या विकासचाचणीत काही बाबतीत उजवं होतं.

मला हे फार मोलाचं वाटतं. पूर आपण अडवू शकत नाही. माणूस ठरवू शकतो. आशाताईकडे गरोदर मातांची यादी असतेच. जून लागायच्या आत त्या यादीत प्रत्येक नावापुढे दुसरं नाव लिहावं. पाणी आलं, निवाऱ्यात हलवलं, तर हिच्याजवळ कोण बसणार?

*

ऊसतोडीला बीडकडून येणाऱ्या जोड्या. कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं मिळून एक. एकाने सुट्टी घेतली तर खाडा, उचल फिटत नाही. आठव्या महिन्यातही बाई मोळी डोक्यावर घेते. कोपीत बाळंत होते, आठवडाभरात पुन्हा फडात. इथल्या आशाताईच्या यादीत तिचं नाव नाही, गावाकडच्या यादीत ती गैरहजर. आशाताईने बाळाकडे तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जायचं असतं. बेचाळिसाव्या दिवशी ही टोळी दुसऱ्याच फडावर. सहा सत्रांचा कुठलाही नमुना इथे बसत नाही. एकच भेट होणार हे धरून ती भेट कशी करायची, यावर एक धडा लिहायला हवा. मराठवाड्यातल्या कुणाबरोबर तरी बसूनच.

*

नोंद: मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७, कलम २१. उपचारासाठी दाखल झालेल्या आईपासून तीन वर्षांखालचं मूल शक्यतो वेगळं करू नये. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये आई आणि बाळ एकत्र दाखल होण्याचा कक्ष २००९ पासून आहे. कोल्हापूरहून गाडीने एका रात्रीचं अंतर. ज्यांना पाठवलं त्यांच्या घरच्यांना आधी समजवावं लागतं की ही वेड्यांची जागा नव्हे.

*

बाळंतपणानंतरच्या नैराश्यासाठी एडिंबराची दहा प्रश्नांची पट्टी वापरतात, १९८७ पासून. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराचा. प्रशिक्षणात सगळ्याजणी तिथे अडतात. "मॅडम, असं कसं विचारायचं? विचारलं तर तिच्या डोक्यात येईल." येत नाही. असतं ते बाहेर येतं. आम्ही तो प्रश्न मोठ्याने म्हणायचा सराव करतो, जोडी-जोडीने, डोळ्यांत बघून, आपल्या बोलीत. पहिल्यांदा हसू येतं, नंतर कुणीतरी रडतं.

मग पुढचा प्रश्न येतोच, "आणि ती हो म्हणाली तर मी काय करायचं?" घाबरायचं नाही, पुढच्या घरी जायची घाई करायची नाही. बाळ कुणाकडे आहे बघायचं. तिला एकटं सोडायचं नाही. घरातलं तिच्या भरवशाचं माणूस कोण हे तिलाच विचारायचं, आपण ठरवायचं नाही, सासू असेलच असं नाही. घरातलं कीटकनाशक, औषधं कुठे असतात ते त्या माणसाला हलवायला सांगायचं. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना तिथूनच फोन लावायचा. टेलिमानस या सरकारी मदतवाहिनीचा नंबर १४४१६, तो दिवसरात्र चालतो आणि मराठीत बोलतात, तिच्या मोबाईलमध्ये साठवून द्यायचा. आणि उद्या किती वाजता येणार ते सांगून निघायचं, आणि त्याच वेळेला जायचं.